गुडघा कोणाचा वाजला

फिलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी काळाचौकीच्या नाक्यावर चष्म्याच्या दुकानात बसलो होतो आणि दुकानदार मला तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचायला लावत होता. वहिनी म्हणजे माझा मित्र पास्कू याची बायको. त्या फोनवर कधी घाईने बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. हे एक वाजता खाडीवर गेलेत, अजून आले नाहीत, तुमच्याबरोबर आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "आज द्वादशी आहे, भाऊ." शिवडीच्या किनाऱ्यावरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. बाराची पाऊणपट नऊ. रात्री नऊला पूर्ण भरती, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि साडेचारच्या पुढे पाणी चिखलावर परत चढायला लागणार. दुकानातल्या घड्याळात साडेपाच वाजले होते.

टॅक्सी करून शिवडीच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा तिथे फ्लेमिंगो पाहायला आलेल्यांची गर्दी होती. लांब नळ्यांचे कॅमेरे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. वहिनी एका बाजूला उभ्या होत्या आणि कोणालाच काही विचारत नव्हत्या. मी एका मुलीला विचारलं की इथे कोणी म्हातारा माणूस दिसला का. ती लगेच म्हणाली, हो, ते धनुष्यवाले अंकल ना, आणि तिने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आधी काढलेला फोटो दाखवला. लांबवर, नव्या पुलाच्या बाजूच्या चराजवळ, चिखलात पाट टाकून पास्कू उकिडवा बसला होता. पाठ आमच्याकडे, धनुष्य मांडीवर. "तासभर तसेच बसले होते, हललेच नाहीत. आम्हाला वाटलं मेडिटेशन करतायत," ती म्हणाली. तिची काही चूक नव्हती. न हलण्याचा सराव त्याने जन्मभर केला होता. फोटोत जिथे चिखल दिसत होता तिथे आता सगळं पाणी झालं होतं. सातच्या सुमाराला एका होडीवाल्याला तो सापडला. डावा पाय मांडीपर्यंत गाळात, उजवा गुडघा दुमडलेला. तो गुडघा नंतरही सरळ होईना, असं होडीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं.

या गोष्टीला महिना होऊन गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी पास्कूवर काहीतरी लिहा, असा माणूस आता मुंबईत मिळायचा नाही, असं मला सांगण्यात आलं. ते खरंच आहे. गगनचुंबी इमारतींच्या सावलीत बसून तीरकमठ्याने मासे मारणारा दुसरा कोणी मी तरी पाहिलेला नाही. पण त्याच्याविषयी लिहायचं तर मला माझ्याविषयीही लिहावं लागेल, कारण त्या लांबच्या चरापर्यंत तो एकटा गेला तो माझ्या एका खोट्यामुळे. ते खोटं मी चार वर्षं बोललो, आणि तेही तोंडाने नाही.

पास्कू शिवडीचा मूळचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथला पिढ्यानपिढ्यांचा मराठी ख्रिस्ती. आम्ही या मुंबईचे मालक आणि तुम्ही सगळे भाडोत्री, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, आणि स्वतः मात्र दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचा. मी काळाचौकीच्या चाळीतला, आमचं घर बौद्ध, आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आलेले. पास्कू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण पहिल्या दिवसापासून आमचं अरे-तुरे, तो पास्कू आणि मी यशा. आम्ही भेटलो ते गिरणीत. तो साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, आणि मी फोल्डिंगमध्ये, जिथे विणलेल्या कापडाच्या घड्या घालतात. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या माणसांना साच्यावर घेत नसत, कारण आडवा धागा नेणारा जो धोटा, त्यातला धागा विणकराला तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. हे मी पास्कूला एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता सांगितलं. त्याने मला हाताला धरून त्याच्या साच्यापाशी नेलं, स्वतः ओढलेला धोटा माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, ओढ. मी ओढला. मग त्याने तो परत घेऊन पुन्हा स्वतःच्या तोंडाला लावला आणि कामाला लागला. पुढे चाळीसेक वर्षांत त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. गरजच पडली नाही.

साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत. तिथे माणूस माणसाशी तोंडाने बोलूच शकत नसे. ओठ वाचायचे आणि हाताच्या खुणा करायच्या. जेवलास का, मुकादम आला, धागा तुटला, संध्याकाळी भेट, सगळ्याला खूण होती. आम्ही फोल्डिंगवाले आपले शांतपणे घड्या घालत बसायचो, त्यामुळे माझे कान शाबूत राहिले. पास्कूचे तिशीतच गेले. अगदी ठार बहिरा नव्हता. मोठ्याने बोललेलं समजायचं, ढोल-ताशा समजायचा, पण बारीक आवाज सगळे गेले. घड्याळाची टिकटिक, पक्ष्यांची किलबिल, भांड्याला चमचा लागला तर होणारी किणकिण... हे आवाज जगात आहेत हे तो हळूहळू विसरून गेला. बहिऱ्या माणसाला ऐकू न येण्याचं फारसं वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते लोकांना आपल्यावर ओरडावं लागतं त्याचं. म्हणून मी त्याच्या खुणा शिकून घेतल्या. आम्ही दोघे बाजारातून जाताना हातवारे करत जायचो आणि लोक आम्हाला मुके समजून वाट द्यायचे. पास्कूला याची फार मजा वाटायची.

तीरकमठा त्याच्याकडे आला तो वडाळ्याच्या मिठागरावर कामाला येणाऱ्या एका कातकऱ्याकडून. पास्कू तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. त्या माणसाने त्याला बांबूचा कमठा करून दिला आणि चिखलात बसायला शिकवलं. मारायला शिकायला एक महिना लागतो, बसायला शिकायला दहा वर्षं, असं तो कातकरी म्हणायचा म्हणे. ओहोटीला शिवडीचा किनारा मैलभर उघडा पडतो आणि मधल्या चरांत थोडंथोडं पाणी राहतं. पाणी परत फिरलं की त्याच्या पहिल्या लाटेबरोबर बोय नावाचा मासा झुंडीने त्या चरांतून आत शिरतो. तेवढीच पंधरा-वीस मिनिटं. चिखलावर लाकडी पाट टाकायचा, त्यावर उकिडवं बसायचं, तीर दोरीला बांधलेला, आणि झुंड चार हातांवर आली की बसल्या जागेवरून हळूहळू अर्धवट उठत कमठा खेचायचा. हे अर्धवट उठणं हीच सगळी कला. बोय हा अतिशय भित्रा मासा. चिखलातून त्याला पावलाचा धक्का कळतो, पाण्यातून बारीकसा आवाज कळतो. एक जरी दचकला तर अख्खी झुंड उधळते, मग त्या दिवशी पुन्हा काही येत नाही. पास्कू असा उठायचा की शेजारी बसलेल्या बगळ्यालाही पत्ता लागत नसे. मी मागे पाच-सहा हातांवर दुसऱ्या पाटावर दोरी सांभाळत बसायचो. तीर मारणं मला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या माशाला गोदीच्या तेलाचा वास यायचा. वहिनी चिंचेच्या कोळात तासभर घालून ठेवायच्या तरी तो जात नसे. पण मी जायचो. पास्कू तीर ताणून थांबला की त्याच्या पाठीवर जे काही दिसायचं ते बघायला जायचो. तोंडाळ माणूस, पण तेवढा क्षणभर देवळात उभा असल्यासारखा व्हायचा.

गिरणी बंद पडली. मला ओळखीने एका कचेरीत नोकरी लागली. पास्कूने बरीच वर्षं मिळेल ते काम केलं, आणि शेवटी करी रोडला एका नव्या टॉवरवर वॉचमन म्हणून लागला. ज्या जागेवर आमचं साचेखातं होतं तिथून तो टॉवर हाकेच्या अंतरावर. त्याला त्याची लाज नव्हती, उलट निळ्या गणवेशात फोटो काढून त्याने तो घरात लावला होता. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कोणीतरी गाडी घेऊन फाटकावर हॉर्न वाजवत राहिलं आणि पास्कू पाठमोरा उभा होता. दोन-तीनदा असं झालं. मग त्याला बोलावून सांगितलं, बाबा, तुला ऐकू येत नाही, तू घरी जा. त्याने मला हे खुणेनेच सांगितलं. कानाला बोट लावून ते बाहेर झटकलं, कचरा टाकावा तसं. त्यानंतर पुष्कळ दिवस तो घराबाहेर पडला नाही. वहिनी मला म्हणाल्या, त्यांना खाडीवर घेऊन जा, तिथे ते जरा माणसात येतात. ते सांगितलं ते बरं केलं की वाईट, याचा विचार त्याही आता करत असतील.

त्या वेळी तो सत्तरीला टेकला होता. गुडघे दुखायचे हे तो कबूल करायचा. दुखण्याला तो कधी लाजला नाही, उलट चवीने सांगायचा, आज उजवा बोलतोय, आज डावा रुसलाय. आम्ही खाडीवर गेलो. चतुर्थी होती की पंचमी, आठवत नाही, पण सकाळची वेळ होती आणि पाणी नुकतंच फिरलं होतं. झुंड आली. पास्कू उठायला लागला, कमठा खेचायला लागला आणि त्याचा उजवा गुडघा वाजला. कट्ट... एवढ्या मोठ्याने की मला वाटलं बांबूच मोडला. पाणी एकदम उसळलं आणि चर रिकामा झाला. पास्कूला अर्थातच काही ऐकू आलं नव्हतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हाताची खूण केली, काय झालं? आता त्या क्षणी माझ्यापुढे हा माणूस होता, ज्याला महिन्याभरापूर्वी कानांवरून घरी पाठवलं होतं. त्याला मी कसं सांगणार की आता तुझे गुडघेही गेले, आणि ते तुलाच ऐकू येत नाहीत? मी माझ्या गुडघ्यावर दोन बोटं आपटली. माझा वाजला. पास्कूने कपाळाला हात लावला, आणि मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसला. त्याच्याकडे आता कोणाची तरी चूक होती आणि ती त्याची नव्हती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

एकदा बोललेलं खोटं सांभाळावं लागतं, तेही लेकरासारखं. पुढे जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा गुडघा वाजायचा, कधी खांदाही वाजायचा, आणि मी आपला मुकाट्याने माझ्या गुडघ्यावर बोटं आपटायचो. पास्कूने सगळ्या शिवडीत माझी बदनामी केली. यशाच्या पायात दिवाळी असते, बारा महिने फटाके, असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. मग त्याने माझे उपचार सुरू केले. उंडीचं तेल स्वतः मिळवून आणलं आणि माझ्या घरी येऊन माझ्या बायकोसमोर मला चोळून दाखवलं. परळच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे मला ओढत नेलं. डॉक्टरांनी माझा पाय वाकवून, सरळ करून पाहिला आणि म्हणाले, काही नाही, उत्तम आहेत. पास्कूला ते नीट ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर त्याने खुणेने विचारलं, काय म्हणाले? मी खूण केली, वय झालं. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. त्याच्यासमोर जिना उतरताना मी थोडा लंगडायचो. माझी बायको म्हणाली, हे नाटक कशाला, एक दिवस सांगून टाका त्यांना. मी म्हटलं, सांगू, घाई काय आहे. चार वर्षं घाई नव्हती.

त्या चार वर्षांत मासे फार थोडे मिळाले. पास्कू स्वतः मात्र खूश होता, कारण त्याच्या दृष्टीने त्याचं बसणं, उठणं, खेचणं, सगळं पूर्वीसारखंच होतं. "दुखतात रे, पण वाजत नाहीत. तुझ्यासारखे नाहीत माझे," असं तो मला अभिमानाने म्हणायचा, आणि मी मान डोलवायचो. मला वाटायचं आपण मित्राची लाज राखतोय. आता वाटतं, मी त्याची अर्धी अक्कल माझ्या खिशात ठेवली होती. ज्या माणसाला आपला गुडघा वाजतो हे कळतं, त्याला तो गुडघा एक दिवस अडकेल हेही कळतं. त्याला फक्त दुखणं माहीत होतं, आणि दुखण्याची त्याला गिरणीपासूनच सवय होती.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्याने मला टपरीवर बोलावलं. चहा पाजला. नेहमीसारखी टवाळी केली नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग तो सरळ तोंडाने, जरा मोठ्याने म्हणाला, "यशा, तू आता खाडीवर येऊ नको. मी एकटा जात जाईन." टपरीवरच्या दोघा-तिघांनी ऐकलं. मी का म्हणून विचारलं, तर त्याने माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि दुसरीकडे पाहायला लागला. मला राग आला. चांगलाच राग आला. चार वर्षं याचं पाप मी माझ्या अंगावर घेतलं, लंगडलो, लोकांची टिंगल सोसली, आणि हा मला कामातून गेलेल्या बैलासारखा गोठ्यात ठेवतोय. तेव्हाच सांगता आलं असतं. टपरीवर, चहाचा ग्लास हातात असताना, एका खुणेत सांगता आलं असतं. माझ्या गुडघ्याऐवजी त्याच्या गुडघ्यावर बोटं आपटली असती की झालं. पण मी मनात म्हटलं, जा, एकटाच जा. मी नसताना मासे उधळले की मग कळेल तुला, गुडघा कोणाचा वाजतो ते. हे मी अगदी याच शब्दांत मनात म्हटलं होतं. आणि थोडंही खोटं न लिहिता हेही लिहितो की त्या चिखलातून सुटका झाली याचं मला मनातून बरंही वाटलं. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, आता लंगडायला नको.

त्यानंतर आम्ही भेटत होतो, पण खाडीचा विषय टाळून. मी वाट बघत होतो, आज कळेल, उद्या कळेल, मग हा खजील होऊन येईल आणि मी मोठ्या मनाने हसेन. मी मनात ते हसणंसुद्धा ठरवून ठेवलं होतं. नाताळला त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तो खाली बसून फ्रीजखालून काहीतरी काढत होता, आणि उठताना त्याला वहिनींनी हात दिला. दोन्ही हातांनी ओढून उठवला. मी ते पाहिलं. माझ्या मनात आलं, चिखलात याला कोण ओढणार? आणि तेवढ्यात वहिनींनी ताट पुढे केलं आणि मी जेवायला बसलो... माणूस किती सहज जेवायला बसतो. त्यानंतर चार महिन्यांनी तो चष्म्याच्या दुकानातला फोन आला.

त्याला माती दिली त्या दिवशी मी तिथूनच परस्पर निघून आलो. महिन्याची मिस्सा झाली त्या रविवारी मात्र मी चर्चमधून वहिनींबरोबर घरी गेलो. त्यांची मुलगी वसईहून आली होती, ती पाहुण्यांना सोडायला खाली उतरली आणि खोलीत आम्ही दोघेच उरलो. टेबलावर उकडलेल्या चण्यांची परात होती. वहिनी ती झाकत होत्या. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनीच माझं सांत्वन करायला सुरुवात केली. म्हणाल्या की तुम्हाला येऊ नको म्हणाले त्याचं मनात ठेवू नका, ते तुमच्यावर रागावले नव्हते. "ह्यांचं म्हणणं होतं, यशाचे गुडघे गेले. चिखलात बसला आणि उठता आलं नाही तर मी एकटा त्याला कसा ओढू, माझ्या अंगात आता तेवढा जोर नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मी खुर्चीत बसून होतो. टपरीवर तो दुसरीकडे का पाहत होता ते मला आत्ता कळत होतं. वहिनी आपल्या ओघात पुढे सांगत होत्या. एकटे जायला लागल्यापासून ह्यांना एक मासा मिळाला नव्हता. रिकाम्या हाताने यायचे आणि म्हणायचे, जवळच्या चरातली बोय यशाच्या फटाक्यांनी कायमची बिचकवून ठेवली आहे, आता माणूस जरा उठला की ती उधळते, जिथे यशा कधी बसला नाही तिथे जायला पाहिजे. म्हणून पुलाच्या बाजूच्या चरापर्यंत जायला लागले. हे सांगताना त्या जरा हसल्यासुद्धा, नवऱ्याच्या हट्टाला हसावं तशा. तो खजील होऊन माझ्याकडे येईल म्हणून मी वाट बघत होतो, आणि त्याने माझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवला होता की रिकाम्या चरासमोर एकटा बसूनही त्याला स्वतःच्या गुडघ्याचा संशय आला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, माझे गुडघे कधीच वाजत नव्हते. त्याचे वाजायचे. मी माझे सांगत आलो."

वहिनींनी परातीवरचं झाकण नीट केलं. मग हळू म्हणाल्या की घरात ह्यांचे वाजायचे ते मला ऐकू यायचं, पण ह्या वयात कोणाचे वाजत नाहीत, आणि बहिऱ्या माणसाला ते मुद्दाम काय सांगायचं. "मला वाटलं दोघांचेही गेलेत." एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझ्या पायांकडे पाहायला लागल्या. मग भिंतीकडे गेल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. पाती फिरायची थांबेपर्यंत तिथेच बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खाली बसा, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलो आणि खोलीच्या मधोमध, फरशीवर, उकिडवा बसलो.

"उठा."

मी उठलो. खोलीत काही वाजलं नाही. खालून मुलीचा पाहुण्यांशी बोलण्याचा आवाज येत होता, तेवढाच.

"परत."

मी परत बसलो. देवाला मानणारा मी माणूस नाही, पण त्या वेळी मी मनातल्या मनात हात जोडले होते की एकदा वाजू दे, डावा नाहीतर उजवा, एकदाच. सहासष्ट वर्षांच्या माणसाला एवढं मागायला हरकत नसावी. मी तसाच हळूहळू, अर्धवट उठत पूर्ण उभा राहिलो, आणि काहीच वाजलं नाही.

वहिनींनी पंखा लावला आणि म्हणाल्या, "आता जा तुम्ही."